मुळा-प्रवरा: खरेदीचा दर एकाचा, विक्रीचा दुसऱ्याचा

३१ जानेवारी २०११ रोजी मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा वितरण परवाना संपला. दुसऱ्या दिवसापासून श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि लगतच्या संगमनेर-नेवाशाच्या काही गावांचा वीजपुरवठा महावितरणकडे गेला. खांब तेच, तारा त्याच, गावागावातल्या डीपी (रोहित्रं) त्याच. बिलावरचं नाव तेवढं बदललं. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या मालकीची, घरोघरी आणि विहिरीविहिरीवर वीज पोचवणारी सहकारी संस्था ही एकच होती. चाळीस वर्षं चालून ती थांबली.

पुण्यात सहकारी संस्थांच्या सचिवांचे आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण वर्ग मी घेते. त्यात हे प्रकरण मी सोडत नाही. वर्गात नगर जिल्ह्याचं (आताच्या अहिल्यानगरचं) नाव काढलं की पहिल्या पाच मिनिटांत दोन उत्तरं येतात. एक, 'पुढाऱ्यांनी बुडवली'. दुसरं, 'शेतकऱ्यांनी बिलं भरली नाहीत'. विखे पाटील घराण्याशी या संस्थेचं नाव जिल्ह्याच्या राजकारणात कायम जोडलेलं राहिलं, त्यामुळे पहिलं उत्तर देणाऱ्याला आवेश चढतो. शेतीपंपांची थकबाकी साऱ्या राज्याला माहीत आहे, त्यामुळे दुसरं उत्तर देणाऱ्याला पुरावा शोधावा लागत नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण पुढारी आणि थकबाकी साखर कारखान्यांतही होती, पतसंस्थांतही होती. त्यातल्या कितीतरी टिकल्या, मग हीच का गेली? तिच्या रचनेकडे पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. वीज ज्या दराने विकत घ्यायची तो दर संस्थेच्या हातात नव्हता आणि सभासदाला ज्या दराने विकायची तोही नव्हता. या दोन दरांमधल्या फटीत ती चाळीस वर्षं उभी होती. सहकाराचं नाव आणि निवडणुका तिच्याकडे होत्या, पण जमाखर्चाचे निर्णय दुसरीकडे होत होते.

लोणी, पुणे आणि टेक्सास

प्रवरा खोऱ्यातच ही संस्था का निघाली? भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेचे डावे-उजवे कालवे वाहू लागले आणि या पट्ट्यात ऊस उभा राहिला. कालव्याचं पाणी मुरून विहिरींना पाणी आलं. विहिरीवर आधी मोट होती, मग ऑइल इंजिन आलं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना काढला. तो १९४८ साली नोंदला गेला आणि १९५०मध्ये गाळप सुरू झालं. त्याचे पहिले अध्यक्ष पुण्याचे होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी नुसता अहवाल लिहून हात झटकले नाहीत, कारखान्याची खुर्ची स्वीकारली आणि वर्षानुवर्षं सांभाळली. आजच्या कुठल्या अर्थशास्त्रज्ञाने असं केलं तर वर्तमानपत्रात बातमी होईल.

पुढे हेच गाडगीळ १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. त्याच काळात, जुलै १९६९मध्ये, ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्याची शिफारस बी. वेंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीने केली होती. पतपुरवठ्याच्या समितीने विजेबद्दल का बोलावं? देश १९६५ आणि १९६६च्या दुष्काळातून नुकताच निघाला होता. गावात दिवा लावणं या उद्देशापेक्षा विहिरीवर पंप बसवणं हा उद्देश वर आला होता आणि पंपासाठी कर्ज देऊन तारेशिवाय उपयोग नव्हता.

त्या महामंडळाच्या सुरुवातीच्या भांडवलात अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखाली आलेल्या धान्याच्या विक्रीतून साठलेले रुपये होते. पैशाबरोबर कल्पनाही आली. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. खासगी कंपन्या म्हणायच्या, मैलभर तार ओढून दोन ग्राहक मिळतात, परवडत नाही. १९३५ साली रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी केली, १९३६मध्ये कायदा झाला आणि शेतकऱ्यांनी वीज सहकारी संस्था काढून स्वतः तारा ओढल्या. टेक्सासमधल्या अशाच एका संस्थेसाठी धडपडलेला तरुण खासदार, लिंडन जॉन्सन, १९६०च्या दशकात राष्ट्राध्यक्ष होता. अमेरिकन वीज सहकारी संस्थांच्या महासंघाची माणसं भारतात आली आणि पाच ठिकाणी प्रायोगिक संस्था काढायचं ठरलं: महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडीनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक. मुळा-प्रवरा १९६९ साली नोंदली गेली आणि १९७१मध्ये कामाला लागली. त्याच वर्षी मे महिन्यात धनंजयराव गेले.

अमेरिकेहून संस्थेचा साचा आला, पण त्या साच्याला तिथे आधार देणाऱ्या दोन गोष्टी आल्या नाहीत, आणि माझ्या मते प्रकरणाची गाठ इथेच पडली. पहिली म्हणजे स्वस्त आणि लांब मुदतीचं कर्ज. १९४४च्या कायद्याने तिथल्या संस्थांना २ टक्के व्याजाने, ३५ वर्षांच्या फेडीवर पैसा मिळू लागला. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तिथल्या वितरण संस्थांनी एकत्र येऊन वीज निर्माण करणाऱ्या आणि वाहून आणणाऱ्या आपल्याच मोठ्या सहकारी संस्था काढल्या, शिवाय सरकारी धरणांची जलविद्युत त्यांना प्राधान्याने मिळायची. म्हणजे घाऊक वीज विकणाऱ्याच्या दारात त्यांना हात जोडून उभं राहावं लागत नव्हतं. मुळा-प्रवरेसमोर विकणारा एकच होता, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. तोच शेजारच्या तालुक्यात किरकोळ वितरणही करत होता. पुरवठादारही तोच आणि ज्याच्याशी रोज तुलना व्हायची तोही तोच.

पैसा कुठल्या दिशेने वाहतो

एका वर्गात जुन्नर भागातल्या कारखान्याच्या एका कार्यालयीन अधीक्षकांनी विचारलं, "मॅडम, एवढं सगळं ऊसवाल्यांचं राज्य होतं, मग वीजबिल उसाच्या बिलातून कापून घ्यायला काय हरकत होती? आम्ही सोसायटीचं कर्ज असंच वसूल करतो."

प्रश्न बरोबर जागी लागलेला होता. मी त्यांना फळ्यावर बाण काढायला लावले. साखर कारखान्यात शेतकरी ऊस देतो, कारखाना त्याला पैसे देतो. पैसा संस्थेकडून सभासदाकडे जातो. संस्था देणेकरी असल्यामुळे तिच्या हातात कपात असते: सोसायटीचं कर्ज, बियाणं, खत, शिक्षणनिधी, सगळं त्या एका बिलातून. दूध संघातही तेच. वीज संस्थेत बाण उलटा होतो. सभासद देणेकरी आणि संस्था मागणारी. तिच्याकडे एकच हत्यार, कनेक्शन तोडणं. आणि ज्याचं तोडायचं तो मतदार. उन्हाळ्यात उभ्या उसाचं कनेक्शन तोडून त्याच गावात पुढच्या निवडणुकीला मतं मागायची, हे कुणाही संचालकाला जड जाईल. यासाठी संचालक लबाड असायला लागत नाही.

अधीक्षक म्हणाले, "म्हणजे कापून घेतलंच पाहिजे होतं." मी म्हटलं, कायद्याने आणि कागदाने वीज संस्था आणि कारखाना दोन वेगळ्या संस्था आहेत. एका संस्थेची वसुली दुसऱ्या संस्थेने करायची तर सभासदाची लेखी संमती लागते, ती मिळवायची तर आधी बिलावर विश्वास लागतो. याची झलक पुढे पुण्यातच दिसली. २०२२च्या सुरुवातीला ऊसबिलातून महावितरणची थकबाकी वसूल करण्याबद्दल साखर आयुक्तालयाचं पत्र निघालं तेव्हा शेतकरी संघटना उसळल्या. त्यांचा मुख्य मुद्दा होता तो बिलाच्या खरेपणाचा: जे युनिट आम्ही वापरलेच नाहीत त्यांचे पैसे कापायचे कशाच्या आधारावर?

मोटरीवरची पट्टी

बिलाचा खरेपणा म्हणजे काय ते मला एका निवृत्त वायरमननी समजावलं. राहाता तालुक्यातल्या एका गावात त्यांनी आयुष्य काढलं, आता मुलाकडे धायरीला असतात. मी फ्लॅट रेटबद्दल, म्हणजे मीटर न वाचता होणाऱ्या ठरावीक आकारणीबद्दल, विचारत होते. ते उठले, गॅलरीतून सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीकडे बोट दाखवत म्हणाले, "ताई, त्या मोटरीवर पत्र्याची पट्टी दिसते? तिच्यावर लिहिलेलं एचपी म्हणजे शेतकऱ्याचं बिल. आत काय आहे ते पट्टीला माहीत नसतं."

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. मीटर वाचायला माणूस पाठवण्याचा खर्च वाचावा, लांबच्या विहिरींवरचे वाद मिटावेत, हा विचार त्यामागे होता आणि तो त्या वेळी अगदीच वेडगळ नव्हता. पण परिणाम बघा. ५ एचपीची मोटर साधारण ३.७ किलोवॅट घेते. दिवसाला आठ तास चालली तर ३० युनिट, सोळा तास चालली तर ६०. बिल दोन्हीला सारखंच. विहिरीवर ऑटो स्विच लावून ठेवला की वीज येईल तेव्हा मोटर आपोआप चालू होते, मालक गावात असो वा नसो.

"तीन एचपीची पट्टी तशीच ठेवायची आणि मोटर जळाली की वाइंडिंग पाचची भरून घ्यायची," काका सांगत होते. "रिवाइंडिंगवाला विचारायचा, किती भरू? आणि मी खोटं कशाला बोलू, पाणी खोल गेलं तर तीनने ओढतच नाही. शेतकऱ्यालाही दुसरा इलाज नसतो. पण मग डीपीवर पन्नासचा भार धरलेला असताना सत्तर बसतो. होल्टेज पडतं. होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, गरम होते, परत जळते. परत वाइंडिंग. एक दिवस डीपीच जाते."

डीपी जळाली की सगळ्या विहिरी बंद. शेतकरी वर्गणी काढून ट्रॅक्टरमध्ये डीपी टाकून दुरुस्तीला नेतात, तेल कमी असलं तर तेलाचा डबाही स्वतःच्या पैशाने आणतात. ही गोष्ट महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्यातला शेतकरी सांगेल. ज्याने स्वतःच्या खिशातून डीपी उभी केली त्याला महिन्याने आलेलं बिल अन्यायाचं वाटतं, आणि ते वाटणं मी खोडून काढू शकत नाही.

आता याच्या वरच्या टोकाला जाऊ. मंडळाकडून संस्थेला वीज उच्च दाबाने, उपकेंद्रावर, मीटर लावून मिळायची. आत आलेला प्रत्येक युनिट मोजलेला. बाहेर गेलेल्यातला मोठा भाग, शेतीपंपांचा, अंदाजाचा. पंपांचा वापर जास्त धरला की गळती कमी दिसते, कमी धरला की गळती वाढते. देशभरच्या वीज मंडळांनी आपली गळती अशीच शेतकऱ्याच्या नावावर लपवली. मंडळ मोठं होतं, त्याला हे झाकता येत होतं. मुळा-प्रवरेची खरेदी मात्र मोजलेली, मोजलेल्याचं बिल दर महिन्याला दारात. तिला मोजून घ्यायचं आणि अंदाजाने विकायचं होतं.

वर्गात मी इथे एक काल्पनिक हिशोब करून घेते. आकडे मांडणीपुरते. १०० युनिट रुपयाने घेतले, खर्च १०० रुपये. त्यातले ७५ युनिट बिलात आले. बिलातल्या ६० युनिटांचे पैसे हातात पडले. पगार, तारा, कर्जाचा हप्ता काहीच धरला नाही तरी विक्रीचा दर १ रुपया ६७ पैसे हवा. आणि शेतीपंपाचा दर खरेदीच्या दरापेक्षाही खाली ठरवून दिलेला असेल तर? वर्गात या ठिकाणी शांतता पसरते, कारण सगळेच हिशोबाची माणसं असतात.

भोसरीच्या बिलात जुन्नरचा पंप

मग मंडळ स्वतः कसं चाललं? त्याच्याही पंपांचे दर खर्चाखाली होते, त्याचीही गळती होती. उत्तर पुण्याच्या माणसाच्या अगदी जवळ आहे. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांना वीज खर्चापेक्षा महाग दिली जाते. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानदारालाही. त्या जादा पैशातून जुन्नर-आंबेगावच्या, आणि तशाच मराठवाड्याच्या पंपाची तूट भरली जाते. आडव्या अनुदानाची ही पद्धत बरी की वाईट यावर भांडता येईल, पण तिच्याशिवाय महाराष्ट्रातला शेतीपंप एक वर्षही फिरला नसता.

मुळा-प्रवरेचं कार्यक्षेत्र नकाशावर आखलं गेलं तेव्हा तिच्या वाट्याला पंप आणि गावं आली. श्रीरामपुरात थोडी औद्योगिक वसाहत, काही बाजारपेठा, बाकी शेती. साखर कारखाने होते, पण ते बगॅस (उसाचं चिपाड) जाळून हंगामात स्वतःची वीज स्वतः करतात. म्हणजे ज्यांच्याकडून जादा घेऊन इतरांची तूट भरायची असा वर्ग जवळपास नव्हताच. भोसरीचा पैसा मंडळाच्या तिजोरीत जायचा आणि मंडळाच्या पंपांना पुरायचा. मुळा-प्रवरेच्या सभासदापर्यंत तो पोचायचा एकच रस्ता होता: घाऊक वीज तेवढी स्वस्त देणं. आणि विक्रीचा दर संस्था वाढवू शकत नव्हती. शिवेपलीकडच्या गावात मंडळाचा शेतकरी जे देतो त्यापेक्षा आपला सभासद जास्त का देईल?

घाऊक दर किती असावा, यावरून संस्था आणि मंडळ यांच्यात वाद लागला आणि तो कधीच नीट मिटला नाही. सरकारकडे दाद, मंडळाकडे पत्रव्यवहार, १९९९मध्ये राज्य वीज नियामक आयोग आल्यावर आयोगापुढे सुनावण्या. दरम्यान थकलेल्या रकमेवर व्याज, व्याजावर विलंब आकार. संस्था म्हणायची, दरच चुकीचा, म्हणून थकबाकीही चुकीची. मंडळ आणि २००५च्या विभाजनानंतर महावितरण म्हणायचं, वीज घेतली आहे, मोजून घेतली आहे, पैसे द्या. शेवटी महावितरणने मागितलेला आकडा दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. ज्या दराबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत नाही त्याच्यावर चढलेलं व्याज कुठलीही सहकारी संस्था फेडू शकत नाही, आणि ते फेडलं जाईल असं मागणाऱ्यालाही मनातून वाटत नसावं.

याचा अर्थ संस्थेचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. फीडरवर (उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या वाहिनीवर) मीटर लावणं, कुठल्या डीपीखाली किती वीज जाते आणि किती पैसे येतात हे सभासदांपुढे गावनिहाय मांडणं, हे तिला कुणाच्या परवानगीशिवाय करता आलं असतं. त्यातून घाऊक दराच्या भांडणात तिचीच बाजू भक्कम झाली असती. आपल्या गावाच्या डीपीचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवला जातोय, हे चित्र सहकारी संस्थेला जितकं सहज जमेल तितकं सरकारी कंपनीला जमणार नाही. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची.

२००४मध्ये राज्य सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली आणि वर्षभरात ती मागे घेतली. जो नियमित भरत होता त्याला आपण वेडे ठरलो असं वाटलं. वसुलीच्या सवयीला बसलेला तो घाव राज्यभर होता.

पुण्यातलं एक समांतर उदाहरण इथे द्यायला हवं. त्याच सुमारास, २००६मध्ये, पुणे शहर भारनियमनमुक्त झालं. उद्योगांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यामुळे ग्रिडवर वाचणारी वीज शहराला मिळायची आणि जनरेटरच्या महाग विजेचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलात 'रिलायबिलिटी चार्ज' म्हणून वाटून घ्यायचा, अशी ती योजना. आयोगाने तिला मान्यता दिली. तत्त्वाने पाहिलं तर यात सहकारच होता: ठरलेल्या भागातल्या ग्राहकांनी मिळून आपल्या विजेची सोय केली, किंमत ठरवली, ती वाटून घेतली. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास वीज नसताना पुण्याला हे जमलं, कारण पुण्याच्या ग्राहकाला दर ठरवण्याच्या टेबलावर जागा मिळाली आणि त्याला तो दर परवडला. मुळा-प्रवरेच्या सभासदाला चाळीस वर्षांत अशी जागा मिळाली नाही. परवडण्याचा प्रश्न तर त्यानंतरचा.

परवाना

२००३च्या वीज कायद्याने जुन्या परवानाधारकांना त्यांच्या परवान्याची मुदत संपेपर्यंत काम चालू ठेवू दिलं. मुळा-प्रवरेची मुदत २०११च्या जानेवारीत संपत होती. पुढचा परवाना संस्थेला द्यायचा की महावितरणला, हा प्रश्न आयोगापुढे आला आणि जानेवारी २०११च्या अखेरीस आयोगाने महावितरणच्या बाजूने निर्णय दिला.

वर्गाचे इथे मी दोन गट करते आणि एकाला आयोगाच्या जागी बसवते. आयोगाच्या जागी बसणारे सहसा पंधरा मिनिटांत महावितरणचं नाव घेतात. ताळेबंद पाहिला तर दुसरं काही लिहिता येत नाही: देणी मालमत्तेच्या कितीतरी पट, वसुली अपुरी, नव्या उपकेंद्रांसाठी पैसा कुठून आणणार याला उत्तर नाही. मीही त्या जागी असते तर तेच लिहिलं असतं. पण मग मी त्यांना विचारते, हीच कसोटी त्या दिवशीच्या महावितरणच्या एखाद्या निव्वळ शेतीच्या विभागाला लावा. भोसरी, ठाणे, नाशिकचा पैसा बाजूला काढा आणि फक्त त्या विभागाचा ताळेबंद मांडा. तो विभाग परवान्याला पात्र ठरेल का? दुसऱ्या गटाचे हात तेव्हा वर येतात.

परवाना गेला तरी तारा, खांब, रोहित्रं आणि जागा संस्थेच्याच होत्या. त्या वापरायच्या तर मोबदला किती, हा नवा वाद सुरू झाला आणि आयोग, अपिलीय न्यायाधिकरण असा चढत गेला. ज्या संस्थेकडे विकायला वीज नाही तिच्याकडे तारा होत्या, आणि तारांचा मालक शेतकरी सभासदच होता, निदान शेअर सर्टिफिकेटवर.

हुक्केरी, सिरसिल्ला, ढुंडी

त्याच पाचांपैकी बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था मुळा-प्रवरेचा परवाना गेल्यावरही चालू राहिली. तेलंगणातली सिरसिल्लाचीही. सिरसिल्लाला घाऊक वीज कोणत्या दराने द्यायची हे ठरवताना तिथल्या आयोगाने संस्थेचे ग्राहक कोण आहेत आणि त्यांच्याकडून किती पैसा येऊ शकतो हे विचारात घेतलं. म्हणजे आडव्या अनुदानातला तिचा वाटा घाऊक दरातून तिच्यापर्यंत पोचवला. सिरसिल्लात यंत्रमाग आहेत, तिथला शेतकरीही काही वेगळ्या मातीचा नाही. फरक त्या एका दराच्या सूत्रात होता. 'शेतकऱ्याची वीज सहकारी संस्था चालूच शकत नाही' असं म्हणणाऱ्याला मी ही दोन नावं सांगते.

आता हा विषय परत का काढायचा? वर्गात शिरूर-दौंडकडचे शेतकरी कंपन्यांचे आणि उपसा सिंचन संस्थांचे लोक येतात आणि सौर फीडरबद्दल विचारतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळ सौर प्रकल्प उभे राहताहेत, केंद्राच्या पीएम-कुसुम या सौर योजनेत सहकारी संस्थांनाही प्रकल्प काढता येतो, २०२४पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे. कायद्याचं कलम ५ ग्रामीण भागात घाऊक वीज घेऊन स्थानिक वितरण करण्यासाठी सहकारी संस्थांचं नाव आजही घेतं. त्यामुळे आपणही एक संस्था काढावी का, हा प्रश्न खराखुरा आहे.

मी त्यांना गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाचं सांगते. तिथे २०१६ साली मूठभर शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पॅनेलमधून पाणी काढून उरलेली वीज ते वितरण कंपनीला ४ रुपये ६३ पैसे युनिटने विकू लागले, करार २५ वर्षांचा. बदल्यात अनुदानित वीज कनेक्शन मागण्याचा हक्क त्यांनी तेवढ्या काळासाठी सोडला. फळ्यावरचा बाण इथे परत सरळ होतो. मंडळीकडून सभासदाला पैसा जातो, प्रत्येक युनिट मोजलेला असतो, आणि जास्त वेळ मोटर चालवली तर शेतकऱ्याचंच उत्पन्न बुडतं, त्यामुळे मोटर बंद करायला कुणाला पाठवावं लागत नाही.

दौंडकडच्या एका उपसा संस्थेचे सचिव अलीकडे प्रस्तावाचा मसुदा घेऊन आले होते. वीस पानांत पॅनेलची क्षमता, जागा, कर्ज, अनुदान, सगळं होतं. मी त्यांना तीन जागी पेन्सिलने खूण करून दिली. विक्रीचा दर करारात किती वर्षांसाठी बांधलेला आहे. कंपनीचे पैसे यायला उशीर झाला तर व्याज कोण भरणार. आणि सभासदाच्या विहिरीवरचा मीटर कोण वाचणार, तो आकडा सगळ्यांना दिसेल असा कुठे लावणार. पहिल्या दोन प्रश्नांसाठी त्यांना वितरण कंपनीकडे परत जावं लागेल. तिसऱ्याचं उत्तर ते म्हणाले सोपं आहे, ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फलकावर, नावासकट. मी त्यांना तेवढं वाक्य उपविधीत घालून घ्यायला सांगितलं.